तानपुऱ्याची जवारी आणि स्पीकरची जवारी

आठ वर्षांपूर्वी मी फोंड्याच्या घरी नवे स्पीकर आणले. दुकानात ते झळाळून वाजले होते. झांजेचा कण न् कण वेगळा, तबल्याची चाट ठसठशीत. घरी वडिलांनी त्यांच्यावर नेहमीची नाट्यपदे लावली आणि दहाव्या मिनिटाला म्हणाले, "पुरे आता, बंद कर. टोचतं." वडील रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर तासभर गाणे ऐकणारे. मी ते स्पीकर विकले आणि स्टुडिओत वापरतात तसले सपाट प्रतिसादाचे, म्हणजे कोणताही स्वर न फुगवणारे न दाबणारे, मॉनिटर स्पीकर घेतले. कागदावर त्यांच्यात खोट नव्हती. आठवडाभर ऐकून वडील म्हणाले, "टोचत नाही, पण जीव नाही. डग्गा गेला कुठे?"

दोन्ही वेळा त्यांचेच बरोबर होते. पहिल्या स्पीकरमध्ये वरच्या पट्टीचा भडकपणा कारखान्यातच भरलेला होता आणि तो काढता येत नव्हता. दुसरे स्पीकर खरे होते, पण ज्या खोलीत आणि ज्या मंद आवाजात आम्ही ऐकत होतो तिथे ते खरे ऐकू येत नव्हते. यंत्र 'अचूक' हवे की 'गोड' हवे, या वादात माझी दोन वर्षे गेली. शेवटी जे सापडले ते स्वयंपाकघरात आधीपासून होते. हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, मीठ बेताचे घालतात आणि पानात डावीकडे वेगळे वाढतात. यंत्र जितके निर्मळ घेता येईल तितके घ्यावे आणि आपली चव अशा ठिकाणी ठेवावी की एका बटणावर ती काढता येईल. ते कसे करायचे, ते क्रमाने सांगतो.

सुरुवात वहीपासून

काहीही विकत घेण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. कोणते गाणे ऐकले, किती वाजता, कोणत्या खोलीत, कुठे बसून, आवाज किती मोठा, पंखा चालू होता की बंद. फोनवर ध्वनिपातळी दाखवणारे ॲप मिळते. ते फार काटेकोर नसते, पण अंदाजाला पुरते. आमच्या वहीत निघाले ते असे: रात्री ऐकताना गाण्याची पातळी साधारण ६० डेसिबल आणि पंख्याखाली नुसत्या खोलीची पातळी ४५च्या आसपास.

या दोन आकड्यांनी माझी निम्मी खरेदी रद्द झाली. सीडीच्या १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला असतो आणि आजचे चांगले डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा विजेचा संकेत बनवणारी यंत्रे, त्याच्याही पुढे जातात. पंख्याखाली बसलेल्या माणसाला त्यातले जेमतेम पंधरा-वीस डेसिबल मिळत असतील, तर डॅकच्या शेवटच्या दोन आकड्यांसाठी पैसे घालणे व्यर्थ. जूनमध्ये कौलांवर पाऊस कोसळू लागला की हिशेब आणखी बिघडतो. आधी पंख्याचे बेअरिंग बदला. मी ते केले आणि तंबोऱ्याची आस, म्हणजे तार छेडल्यावर रेंगाळणारा नाद, लांबलेली ऐकू आली.

यंत्राने स्वतःची जवारी लावू नये

गाणे ऐकणाऱ्याला हा मुद्दा चटकन कळेल. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात आणि एका तारेतून अनेक उपस्वर फुलतात. दुसरा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. तिसरा त्याच्याही वरचा पंचम. पाचवा गंधार. सातवा मात्र आपल्या कोमल निषादापेक्षा उतरलेला, बेसूर वाटणारा.

अॅम्प्लिफायर विकृती करतो म्हणजे नेमके हेच करतो. मूळ आवाजात नसलेले उपस्वर तो आपल्या पदरचे घालतो. व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचे, बरेच अॅम्प्लिफायर प्रामुख्याने दुसरा उपस्वर घालतात. तो सुरातच असतो, म्हणून आवाज भरदार आणि उबदार लागतो. लोक व्हॉल्व्हच्या प्रेमात पडतात यात भाबडेपणा काही नाही, त्याला असे सरळ कारण आहे. पण तंबोरा, हार्मोनियम आणि गळा एकत्र आले की त्याच विकृतीतून स्वरांच्या बेरजा-वजाबाक्या तयार होतात आणि त्यांतल्या अनेक कुठल्याच सप्तकात बसत नाहीत. एकट्या गळ्याला जे साजते ते भरल्या मैफलीत गढूळ होते. गायकाने तास घालवून मिळवलेल्या तंबोऱ्यावर यंत्राने दुसरी जवारी चढवावी, हे मला पटत नाही. हवीच असेल तर व्हॉल्व्हची पायरी मध्ये जोडा-काढायची सोय ठेवा.

साधा, स्वच्छ ट्रान्झिस्टर किंवा क्लास-डी अॅम्प्लिफायर घ्या. मध्यम खोलीला प्रत्येक बाजूस ४० ते ५० वॅट पुष्कळ होतात. घरगुती ऐकण्यात प्रत्यक्षात एक-दोन वॅटच खर्च होतात आणि बाकीचे समेवरच्या थापेसाठी राखीव राहतात. वायर म्हणाल तर इलेक्ट्रिशियनची अडीच एमएमची तांब्याची वायर पाच-सहा मीटरपर्यंत उत्तम चालते. त्यात आणखी काही शोधू नका.

पैसा स्पीकरवर

साऱ्या साखळीत सर्वांत जास्त खोट स्पीकर आणि खोलीत असते. बाकीचे त्यामानाने क्षुल्लक. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले. नाव, रूप, किंमत काही दिसत नसताना बहुतेकांनी ज्यांना उजवे म्हटले, ते समोरून सपाट प्रतिसाद देणारे आणि बाजूंनाही आवाज एकसारखा पसरवणारे स्पीकर होते. म्हणजे खरेपणा आणि गोडवा यांचे भांडण वाटते तेवढे मोठे नाही. पुढे शॉन ऑलिव्ह यांनी २००४ साली मोजमापांवरून पसंतीचे गणित मांडले. त्यात खर्जाकडच्या पल्ल्याचा वाटा सुमारे ३० टक्के निघाला. वडिलांचा डग्ग्याबद्दलचा प्रश्न याच ३० टक्क्यांतला होता.

स्पीकर घेताना त्याचा समोरचा आणि तिरक्या कोनातला आलेख मागा किंवा शोधा. दुकानात ऐकायला जाल तेव्हा आपली रेकॉर्डिंग घेऊन जा आणि आवाज घरच्या पातळीवर आणायला सांगा. बसून ऐकलेत तसे उभे राहून, दोन पावले बाजूला सरकूनही ऐका. गायकाचा आवाज तिथे बदलला तर तो स्पीकर घरी भिंतींवर वेगळाच आवाज फेकणार. आणि वीस मिनिटांखाली निर्णय करू नका. भडकपणा पहिल्या पाच मिनिटांत चैतन्य वाटतो आणि पंधराव्या मिनिटाला कान थकवतो. मी दुकानात सहा मिनिटे ऐकले होते.

ऐकायला काय न्यावे? तयार गाण्यांची अडचण अशी की मूळ मैफलीत आवाज कसा होता हे आपल्याला माहीत नसते. म्हणून निदान एक तरी रेकॉर्डिंग स्वतः केलेले असावे. चवथीला घरात आरती होते, घुमट आणि समेळ ही वाद्ये असतात. घुमटाची मातीच्या पोटातली घुमणारी थाप आणि डाव्या हाताने मागचे तोंड झाकता-उघडताना बदलणारा तिचा नाद गोव्यातल्या माणसाच्या अंगात मुरलेला असतो. तो खोटा वाजला तर क्षणात कळतो. शक्य तर अंगणात, उघड्यावर रेकॉर्ड करा. घरात केलेत तर तेच घर पुन्हा एकदा आवाजात मिसळते आणि तुम्हाला स्पीकर दोषी वाटतो. फोनची आपोआप आवाज वर-खाली करणारी सोय बंद करता येत नसेल तर छोटा रेकॉर्डर कोणाकडून मागून आणा. घरातल्या कोणाचे तरी दहा मिनिटांचे साधे बोलणेही रेकॉर्ड करून ठेवा. आईचा आवाज आईसारखा वाजतो का, याहून कठीण परीक्षा मला माहीत नाही.

जागा ठरवताना सेंटिमीटर मोजा

इथे एक पैसा न घालता सर्वांत मोठा फरक पडतो, म्हणून एक सबंध रविवार यालाच द्या.

स्पीकरमधून निघालेले खालचे स्वर चारी बाजूंना पसरतात. मागच्या भिंतीवर आपटून परत येणारी लाट पुढच्या लाटेला एका ठरावीक स्वरावर खोडते. गणित सोपे आहे: आवाजाचा वेग, आपल्या हवेत सेकंदाला सुमारे ३४७ मीटर, भागिले स्पीकरच्या पुढच्या फळीपासून भिंतीपर्यंतच्या अंतराची चौपट. अंतर ६२ सेंटिमीटर असेल तर उत्तर येते १४० हर्ट्झ. आता काळी एकचा मध्य षड्ज किती? १३९ हर्ट्झ. पुरुष गायकाची ही नेहमीची पट्टी. आमच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, मॉनिटर नेमके दोन फुटांवर होते. म्हणजे खोली गायकाचा सा खात होती आणि मी अॅम्प्लिफायर बदलत होतो.

उपाय दोन. स्पीकर भिंतीपासून मीटरभर पुढे ओढा, म्हणजे खड्डा ८६ हर्ट्झच्या आसपास उतरतो. किंवा भिंतीला वीस सेंटिमीटरवर चिकटवा, म्हणजे तो ४३० हर्ट्झपर्यंत चढतो. तिथे स्पीकरचा आवाज बऱ्याच अंशी पुढेच जात असल्याने खड्डा उथळ राहतो. भिंतीजवळ खर्ज फुगतो, पण फुगलेले पुढे कापता येते. खड्डा मात्र भरता येत नाही. बाजूच्या भिंतीचे अंतर मागच्या भिंतीइतके ठेवू नका, नाहीतर दोन्ही खड्डे एकाच स्वरावर येतात.

मग बैठक. दोन स्पीकर आणि तुमचे डोके यांचा जवळपास समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा स्पीकरचा छोटा भाग, कानाच्या उंचीवर यावा. आपण मागच्या भिंतीला टेकून बसायला जातो आणि तिथे खर्ज सर्वांत जास्त गोळा होतो. सोफा दीड-दोन फूट पुढे घ्या. खोलीच्या बरोबर मध्यावरही बसू नका, तिथे काही खालचे स्वर गायबच होतात.

पर्वरी, म्हापशाकडच्या फ्लॅटमधल्या दहा बाय दहाच्या बेडरूमबद्दल वेगळे सांगतो, कारण तिथे छतही साधारण दहा फुटांवरच असते. लांबी, रुंदी, उंची सारखी असली की तिन्ही दिशांचे अनुनाद एकाच जागी, सुमारे ५७ हर्ट्झला, एकावर एक बसतात. अशा खोलीत मोठा सबवूफर आणू नका. घरात दुसरी कुठलीही लांबट खोली असेल तर यंत्रणा तिकडे हलवा. जुन्या कौलारू घरातल्या माणसांचे या बाबतीत नशीब चांगले. तिरपे छप्पर आणि कौलांच्या फटी यांमुळे खर्ज कोंडत नाही, तो बाहेर निघून जातो. तिथे उलट तो थोडा कमीच पडतो.

टाळी वाजवून खोली ओळखा

खोलीच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. तिच्यामागे 'टर्रर्र' असा धातूसारखा आवाज आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज चेंडूसारखा टोलवत आहेत. गिलाव्याच्या चिरेबंदी भिंती, टाइल्सची किंवा लाल सिमेंटची घोटीव जमीन, काचेच्या खिडक्या हे सगळे वरच्या स्वरांना परतवते. घरात कोणाला तरी आरसा भिंतीवरून सरकवायला सांगा. बैठकीवरून ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथे पुस्तकांचे कपाट किंवा जाड, चुण्यांचा पडदा हवा. जमिनीवर सतरंजी, आणि तिच्याखाली जुनी गोधडी घातली तर फरक आणखी जाणवतो. पातळ फोमचे चौकोनी तुकडे भिंतभर चिकटवू नका. ते फक्त वरचे स्वर पितात, खर्ज तसाच राहतो आणि खोली कोंदट वाजते. आमच्याकडे पडदा, सतरंजी आणि एक कपाट एवढ्यावर वडिलांचे 'टोचणे' निम्मे थांबले.

मोजणी

रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्याला यूएसबीवर चालणारा मोजणीचा माइक लागतो, उदाहरणार्थ मिनीडीएसपीचा युमिक-१. त्याच्याबरोबर त्या माइकची स्वतःची दुरुस्तीची फाइल मिळते, ती घालायला विसरू नका. चार-पाच मित्रांनी मिळून एक माइक घेतला तरी चालतो. आम्ही तसेच केले. बैठकीवर कानाच्या उंचीला आणि आजूबाजूला वीतभर सरकवून पाच-सहा मोजण्या घ्या, मग त्यांची सरासरी पाहा.

माइक नसेल तर ३० ते २०० हर्ट्झचे साधे सूर एकेक करून वाजवा आणि कोणता फुगतो, कोणता मरतो ते वहीत लिहा. ओबडधोबड आहे, पण मोठा फुगवटा यात सापडतोच.

सुमारे ३०० हर्ट्झच्या खाली जे फुगवटे दिसतील ते पॅरामेट्रिक इक्वलायझरने, म्हणजे हवा तो स्वरपट्टा निवडून कमी-जास्त करता येणाऱ्या सोयीने, कापा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतो. खड्डे भरायला जाऊ नका. १० डेसिबल वाढवायला दहापट ताकद लागते आणि लाटांनी एकमेकींना खोडलेला स्वर तरीही येत नाही. ३०० हर्ट्झच्या वर जपून हात लावा. तिथे माइकला दिसणारा दात कानाला बहुतेक वेळा ऐकूही येत नाही. आणि आलेख पार सपाट करायचा हट्ट नको. चांगला सपाट स्पीकर साध्या खोलीत मोजला तर खर्जाकडून वर जाताना रेघ हळूहळू उतरतेच, आणि तशीच ती गोड लागते. मी ती रेघ ओढून आडवी केली होती. गाणे पत्र्यासारखे वाजू लागले.

आता मीठ

एवढे झाल्यावर जे ऐकू येते त्याला मी 'मूळ' म्हणतो. हे एक प्रोफाइल म्हणून साठवा आणि पुन्हा कधी त्यात बोट घालू नका. चव घालायची ती दुसऱ्या प्रोफाइलमध्ये.

पहिली चव रात्रीची. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज मंद केला की कानाला खर्ज अधिक कमी ऐकू येतो. ८० डेसिबलवर तोलून तयार केलेले गाणे ६० वर ऐकले तर ५० हर्ट्झच्या आसपास सुमारे आठ डेसिबलची तूट पडते. डग्गा तिथेच गेला होता. म्हणून 'रात्र' नावाच्या प्रोफाइलमध्ये १०० हर्ट्झच्या खाली ३ ते ५ डेसिबलचा शेल्फ, म्हणजे तिथल्या साऱ्या स्वरांना सारखीच वाढ, चढवा. एकूण पातळी तितकीच खाली आणा, नाहीतर आवाज फाटतो. जुन्या अॅम्प्लिफायरवरचे 'लाउडनेस' बटण याचसाठी असते. ते दाबणे म्हणजे लबाडी, असे मानणारे मी पाहिले आहेत. मला तर मंद आवाजात ते न दाबणेच खोटे वाटते, कारण मग कानापर्यंत मूळ तोल पोचतच नाही.

दुसरी चव वरच्या पट्टीची. ३००० हर्ट्झच्या वर एक-दीड डेसिबलचा उतार. एवढासा आकडा, पण कर्कश रेकॉर्डिंग त्याने सुसह्य होते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन दिवस तशीच राहू द्या. कानाला सवय लागते आणि सवय लागल्यावर 'मूळ'वर परत या. बदल खरोखर हवा असेल तर मूळ ऐकताना काहीतरी उणे वाटेल. वाटले नाही तर तो बदल पुसून टाका.

दोन वस्तूंची तुलना

डॅक, अॅम्प्लिफायर, वायर यांतला फरक ठरवायचा तर पातळी आधी जुळवा. थोडा मोठा आवाज आपल्याला नेहमी अधिक चांगला वाटतो, मोठा वाटत नाही. स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून १०० हर्ट्झचा सूर वाजवा. दोन्ही यंत्रांवर साधारण २ व्होल्टला ०.०२ व्होल्टच्या आत आकडा जुळला की फरक ०.१ डेसिबलच्या आत आला. मग घरातल्या कोणाला तरी नाणे उडवून यंत्र बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. दहापैकी नऊ वेळा ओळखलेत तर फरक आहे, कारण निव्वळ नशिबाने तेवढे जमण्याची शक्यता जेमतेम एक टक्का. सहा वेळा ओळखलेत तर पैसे परत कपाटात ठेवा.

जुन्या तबकड्या

इथे 'मूळ' प्रोफाइल हट्टाने वापरणे मला गैर वाटते. केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर. आपल्या मातीतल्या या गळ्यांचे बरेच जतन ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर झाले आहे, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली, तीही अशाच ध्वनिमुद्रणातून. या तबकड्यांवर ७००० हर्ट्झच्या वर गाणे जवळपास नसते, खरखर असते. ८० च्या खाली असते ती तबकडी फिरण्याची घरघर. म्हणून 'तबकडी' नावाचे तिसरे प्रोफाइल करा: ८०च्या खाली आणि ७०००च्या वर कात्री, दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो, आणि ३०० हर्ट्झला एखाद-दोन डेसिबलचा भराव. खरखर आणखी काढणारी सॉफ्टवेअरे बेताने वापरा. ती तानेच्या कडाही खातात, आणि जयपूर घराण्याच्या गाण्यात तानेची कड गेली तर काय उरले? मी 'तबकडी' लावून दिली त्या संध्याकाळी वडिलांनी तीच भैरवी सलग दोनदा ऐकली आणि आवाज वाढव म्हणाले.

पावसाळ्याआधी

स्पीकरच्या शंकूभोवतीची कड फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. घेतानाच रबरी कड पाहा. किनाऱ्याजवळ घर असेल तर खाऱ्या हवेने जोडण्यांवर हिरवट थर चढतो. मे महिन्यात सगळ्या पिना काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. यंत्रणा बंद पडून राहण्यापेक्षा रोज तासभर चालू राहिलेली बरी, आतल्या उष्णतेने ओल हटते. कपाटात बुरशी येते तशीच ती स्पीकरच्या कापडावरही येते, म्हणून मागे हवा खेळेल एवढी जागा ठेवा. विजा चमकू लागल्या की नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग उपसा आणि अँटेना किंवा केबलची जोडणीही काढा. गुणगुण येत असेल तर सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घ्या, पण अर्थिंगची पिन कधीही तोडू नका.

जाड पडदे पावसात ओले राहतात म्हणून आम्ही जूनमध्ये उतरवतो आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा लावतो. दोन्ही वेळा माइक काढून एक मोजणी करतो, कारण पडदे नसलेली खोली वेगळी वाजते. दोन मोजण्यांची दोन प्रोफाइले, 'पाऊस' आणि 'सुके', अशी नावे देऊन ठेवली आहेत. वडील ती स्वतःच बदलतात.